लोटीभर उंडीचे तेल

सावरसोंडे गावी यायचे तर खाडीनेच यावे. होडीने शेवटचे वळण घेतले की काठावरची उंडीची झाडे दिसतात, त्यांच्यामागे जांभ्या दगडाचा चढ, आणि चढावर ग्रामदेवी सोमजाईचे कौलारू देऊळ. गाव केवढे? शंभर उंबऱ्यांचे. पण याच गावात आपले भावगीर महाराज पौषापासून चैत्रापर्यंत राहिले, आणि ज्या कपाटाला पाठ टेकून ते बसत, ते कपाट आजही देवळात उभे आहे. मी या देवळाचा गुरव. माझ्या पणजोबांच्या वडिलांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले, घरात सांगितले, आणि घरातून ते माझ्यापर्यंत आले. मी गर्वाने सांगतो असे कुणाला वाटले तर वाटू द्या. गर्व वाटावा अशीच हकीकत आहे.

आधी कपाटाविषयी. आमच्याकडे देवीची आणि तिच्या भावंडांची चांदीची रूपे, म्हणजे मुखवटे, वर्षभर कपाटात असतात. शिमग्याला ती बाहेर येतात, पालखीत बसतात आणि पालखी घरोघर जाते. हे कपाट सागाचे, पुरुषभर उंच. महाराजांच्या वेळी गावचा सुतार धाकू मेस्त्री; त्याच्या पणजोबाने ते बांधले. त्यात एकही खिळा नाही. फळीत फळी खाचेने बसवलेली आणि खाच लाकडी खुंटीने आवळलेली. असे काम करणारा सुतार आज मला कुणी आणून दाखवावा, मी त्याच्या पाया पडेन. या कामाबद्दल गावाने मेस्त्रींच्या घराला एक मान दिला होता. शिमग्याला पालखीचा दांडा बसवताना पहिली खुंटी मेस्त्रीने ठोकायची, मगच मानकऱ्यांनी खांदा द्यायचा. मेस्त्रींकडे ना शेत, ना बाग. जे काही होते ते एवढेच.

दुसरा मान खोतांचा. दर शिमग्याआधी खोतांच्या घरून नव्या तांदळाच्या घट्ट पेजेत कालवलेला गेरू यायचा, आणि घरातला कर्ता पुरुष तो आपल्या हाताने कपाटाला फासायचा. वरून रोगणाचा हात. जुना रंग मात्र खरवडायचा नाही, कारण तो वाडवडिलांच्या हातचा. असे चार पिढ्यांचे थर एकावर एक चढले. खुंट्या कुठे, खाचा कुठे, काही दिसेनासे झाले. कपाट मात्र लांबून चकाकायचे आणि गावाला त्याचेच कौतुक होते.

त्या वेळचे खोत दाजीसाहेब. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो; त्यांचे वंशज गावात आहेत आणि माझ्याशी बोलतात. पण ताठा विचारू नका. देवळात आले तरी देवीपुढे मान जेमतेम हलवायचे, डोक्यावरची लाल पगडी घसरू नये म्हणून.

आणि धाकू? धाकू मेस्त्री दिवसभर रंधा ओढायचा आणि संध्याकाळी महाराजांच्या दर्शनाला यायचा. मंडळी नामस्मरणाला बसली की तोही एका खांबाशी बसायचा. पण चार वेळा नाव घेऊन झाले की त्याची मान छातीवर पडायची आणि घोरणे सुरू व्हायचे. दाजीसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचे, "धाकूचा जप ऐका. याला म्हणतात भक्ती." मंडळी हसायची. धाकू जागा होऊन खाली बघायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटायची. महाराज मात्र कधी हसले नाहीत.

माघातली एक दुपार होती. महाराज नेहमीप्रमाणे कपाटाला पाठ टेकून बसले होते. धाकू देवळाच्या मोडक्या कठड्याला फळी बसवत होता. महाराजांनी त्याला हाक मारली.

"धाकू, माझ्या पाठीमागे बसून कुणीतरी जेवतंय रे. मघापासून ऐकतोय. तुझ्या ओळखीचं आहे का बघ."

धाकूने हातोडी खाली ठेवली आणि कपाटाला कान लावला. आतून बारीक कुरकुर येत होती, थांबून थांबून. त्याने कपाटाच्या पायाशी बोट फिरवले. बोटाला पिठासारखी मऊ पूड लागली. ती त्याने नाकाशी नेली. सागाचा वास आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"किडा लागलाय, महाराज. भुंग्याची अळी. आत राहून लाकूड खाते आणि पीठ बाहेर टाकते."

"औषध आहे?"

"आहे. सागाच्या गाभ्याला किडा तोंड लावत नाही, कडेचा पांढरा भाग तेवढा खातो. म्हणजे कपाट वाचेल. सगळं सोडवायचं, रंग खरवडायचा, फळ्या उन्हात तापवायच्या आणि एकेका भोकात उंडीचं तेल सोडायचं. पण लगेच करायला हवं. चैत्रात अळीचे भुंगे होऊन बाहेर पडतील आणि पालखीत अंडी घालतील."

"मग अडचण कुठे आहे?"

धाकूने खोतांच्या रंगाकडे पाहिले. "अडचण वरच आहे, महाराज."

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गावकी बसली. धाकू उभा राहिला. त्याला गोड बोलता यायचे नाही. जे लाकडात दिसायचे तेच तोंडातून यायचे.

"मंडळी, कपाटाला किडा लागलाय. आणि तो आपणच पोसलाय. पेज म्हणजे जेवणच की. चार पिढ्या आपण किड्याला जेवण वाढतोय, आणि वर रोगण लावून त्याला आत कोंडून ठेवतोय. आता वरून तेल लावलं तर रंगावरून ओघळून जाईल. आधी रंग काढावा लागेल."

मागे कुणीतरी फिसकन हसले. दाजीसाहेबांचा पानाचा डबा हातातल्या हातात राहिला.

"म्हणजे आमच्या घराण्याचा मान हा किड्यांचा नैवेद्य आहे, असं तुझं म्हणणं?"

"मी लाकडाचं बोलतोय, दाजीसाहेब."

"तू? देवाचं नाव घ्यायला बसलास तर घोरतोस. आणि आमच्या पणज्याच्या हातचा रंग तू पटाशीनं खरवडणार?" दाजीसाहेब उठून उभे राहिले. "किडा लागला असेल तर कपाटाचे दिवस भरले. मी शहरातून नवं कपाट आणवलंय. महिना झाला, वाड्यावर उभं आहे. मोठ्या आरशाचं, आणि पॉलिश असं की पुसायला फडकं लागत नाही. या शिमग्यापासून देवीची रूपं त्यात राहतील. हे जुनं यंदाच्या होमात टाका. देवीचं लाकूड आहे, होमातच जाऊ दे."

"होमात?" धाकूने विचारले.

"होमात. आणि कपाट गेलं की मेस्त्रींच्या खुंटीचा मानही गेला. ज्या कामाबद्दल मान होता ते कामच राहिलं नाही, मग मान कसला?"

गावकीत कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या घरचे गुरवही गप्प बसले, हे मी लपवत नाही. खोतांपुढे बोलायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. पणजोबाने बांधले, आज्याने सांभाळले, बापाने मरताना ज्याचे नाव घेतले, ते कपाट आपल्या डोळ्यांदेखत जळणार आणि आपण पालखीपुढे हात हलवत उभे राहणार, हे धाकूला सहन होत नव्हते.

तेवढ्यात देवळाच्या पायरीवरून महाराजांचा आवाज आला.

"दाजीसाहेब, होम कधी लागतो तुमच्याकडे?"

"फाल्गुनी पौर्णिमेला, महाराज. भर दुपारी." हे खरे आहे. बाकी गावांचे होम, म्हणजे शिमग्याच्या होळ्या, रात्री लागतात, आमचा दिवसाढवळ्या, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. "आजपासून पंधरा दिवस आहेत."

"मग पंधरा दिवस कपाट धाकूच्या हाती राहू द्या. होमाच्या आदल्या सकाळी त्याच्याखाली पांढरं धोतर अंथरा. दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमक्ष बघा. किडा जिवंत असेल तर पीठ पाडल्याशिवाय राहणार नाही."

दाजीसाहेबांनी क्षणभर विचार केला. महाराजांना नाही म्हणणे शक्य नव्हते. "ठीक आहे. धोतर माझ्या घरचं. चिमूटभर पीठ दिसलं तरी कपाट होमात. पण एक. उंडीची झाडं माझी, तेल माझं, आणि ते माझ्या होड्यांसाठी ठेवलंय. त्यातला थेंब मिळणार नाही, आणि गावात कुणी द्यायचाही नाही."

महाराज म्हणाले, "बरं." एवढेच म्हणाले आणि आत गेले.

देवीची रूपे तेवढ्या दिवसांसाठी आमच्या घरी आली. पंधरा दिवस सोमजाई गुरवाच्या माजघरात राहिली! हे मी जरा मोठ्याने सांगतो, कारण असे भाग्य पुन्हा कुठल्या पिढीला मिळाले नाही.

धाकूच्या घरी तेलाची एकच लोटी होती. त्याच्या बायकोने, भागीरथीने, ती पावसाळ्यातल्या दिव्यासाठी शिंक्यावर जपून ठेवली होती. ती लोटी तिने स्वतः काढून त्याच्यापुढे ठेवली.

"अगं, पावसाळ्यात काय करशील?"

"अंधारात जेवू. जेवताना तोंड सापडतं माणसाला," ती म्हणाली. "पण पुरेल का हो?"

"पाच लोट्या तरी लागतील," धाकू म्हणाला आणि पटाशी घेऊन निघाला.

देवळाच्या अंगणात त्याने रंग खरवडायला सुरुवात केली. थर इतके जाड होते की पटाशीखाली खापरीसारखे तुकडे उडायचे. तीन दिवस तो खरवडत होता. रंगाच्या दोन टोपल्या भरल्या. येणारे-जाणारे थांबायचे. दाजीसाहेब एकदा आले आणि टोपल्यांकडे बघून म्हणाले, "आमचे पूर्वज टोपलीत भरलेस काय?" धाकू खरवडतच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी रंगाखालून खुंट्या निघाल्या, आणि धाकू हातातले काम टाकून बसून राहिला. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर पटाशीने मारलेल्या बारीक रेघा होत्या. पहिल्या खुंटीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. कुठली खुंटी कुठल्या खाचेतली, हे कळावे म्हणून. पणजोबाला ठाऊक होते की कधीतरी कुणाला तरी हे कपाट सोडवावे लागणार. त्याने पुढच्या मेस्त्रीसाठी निरोप ठेवला होता, आणि तो निरोप चार पिढ्या रंगाखाली वाट बघत पडला होता. अक्षर न येणाऱ्या धाकूने तो घडाघडा वाचला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मला हे लिहिताना येते, मग त्याला का येऊ नये?

त्याने खुंट्या काढल्या, कपाट सोडवले आणि फळ्या तापल्या जांभ्यावर मांडून वर काळी घोंगडी टाकली. भर उन्हात त्या अशा तापायच्या की हात ठेववत नसे. मग तो एकेक फळी आपटून आतले पीठ झाडायचा. फळ्यांच्या कडांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके होती. हजारांनी.

महाराज येऊन त्याच्याशेजारी बसले. "किती भोकं आहेत रे?"

"मला एवढे आकडे येत नाहीत, महाराज."

"मग मोजू नको. एका भोकाला एक थेंब, आणि एका थेंबाला एक नाव घे."

धाकू ओशाळला. "महाराज, जपाला बसलं की मला झोप येते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"काम करताना येते?"

"काम करताना कशी येईल?"

"मग झालं तर," महाराज म्हणाले.

धाकूने कोंबडीचे पीस घेतले, त्याचे टोक तासून बारीक केले, लोटीत बुडवले आणि पहिल्या भोकाला लावले. "सोमजाई." थेंब आत गेला. पीस पुन्हा लोटीत, दुसरे भोक. "सोमजाई." दिवस मावळेपर्यंत तो वाकून बसला होता. शेजारून जाणाऱ्याला एकच शब्द ऐकू यायचा. ज्या माणसाची देवळाच्या खांबाशी चार नावांतच मान पडायची, त्याने त्या एका दिवसात हजारभर नावे घेतली असतील, आणि त्याच्या ते लक्षातही नव्हते.

तेलाच्या दुसऱ्या दिवशी पीस लोटीच्या तळाला खरखरले. कपाटाची एक बाजूच झाली होती. धाकू लोटी घेऊन महाराजांकडे गेला.

"महाराज, तेल संपत आलं. आता खोतांकडे मागायला जाऊ का? पाया पडेन त्यांच्या. माझं काय जातंय."

महाराजांनी लोटीत पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "धाकू, तू लोटीत बघतोस म्हणून ती तुला रिकामी दिसते. लोटीत बघू नको. भोकात बघ."

धाकू परत गेला. लोटी त्याने उजव्या गुडघ्यामागे ठेवली, म्हणजे नजरच जाऊ नये. हात मागे करायचा, पीस बुडवायचे, पुढे आणायचे. पीस ओले यायचे. थेंब पडायचा. "सोमजाई." तो दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा गेला. पीस प्रत्येक वेळी ओलेच. ज्याच्या हातात असे काम असते तो माणूस प्रश्न विचारत नाही. आपण रिकामे असतो म्हणून विचारतो.

होमाला तीन दिवस उरले तेव्हा त्याने कपाट पुन्हा उभे केले, पणजोबाच्या रेघा बघून, खुंटीला खुंटी. शेवटचे भोक मागच्या पायाच्या तळाशी होते. तिथे पोचायला त्याला पालथे पडून कपाळ जमिनीला टेकावे लागले. तसे टेकून त्याने शेवटचे नाव घेतले आणि शेवटचा थेंब सोडला. मग मेण आणि राळ एकत्र पातळ करून सगळी भोके बुजवली. पटाशीच्या जुन्या खुणांसह कपाट उघडे, तपकिरी, तेलकट उभे राहिले. पहिल्यांदाच ते आपल्या अंगाच्या रंगात दिसत होते.

भागीरथी लोटी घासायला घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"अहो, तेल कधी संपलं?"

"आत्ता. हे शेवटचं भोक भरलं की."

तिने लोटी उपडी करून दाखवली. आत बोट फिरवले. बोटाला धूळ लागली. तळाशी तेलाचा जुना डाग वाळून काळा पडला होता. लोटी कोरडी होऊन निदान पाच दिवस झाले होते.

दोघेही धावत देवळात गेले. महाराज खांबाला टेकून बसले होते. माझ्या पणजोबांचे वडील त्यांच्या हातावर पाणी घालत होते, आणि शिकेकाईने चोळूनही महाराजांच्या उजव्या हाताची पाची बोटे तेलाने चकाकत होती. सगळ्या देवळात उंडीच्या तेलाचा कडवट वास भरला होता. धाकूने ती बोटे पाहिली आणि पायांवर लोळण घेतली. महाराज म्हणाले, "ऊठ. अजून धोतर अंथरायचं आहे." ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांचा माझ्यावर राग नाही. ती लोटी आमच्या घरी आहे. होडी धरून यावे आणि बघून जावे.

होमाच्या आदल्या सकाळी दाजीसाहेब धोतर घेऊन आले, आणि त्यांच्यामागून दहा गडी नवे कपाट घेऊन आले. दाजीसाहेबांना निकालाची इतकी खात्री होती की जुने होमात गेले की रूपे लगेच नव्यात बसवायची, असे त्यांनी ठरवून टाकले होते. गाभाऱ्याबाहेरची खोली अरुंद. दोन्ही कपाटे खेटून उभी राहिली आणि लांबलचक धोतर दोघांच्याही खाली गेले. खोलीला कुलूप लागले. किल्ली दाजीसाहेबांनी स्वतःच्या करगोट्याला बांधली.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे गाव देवळात लोटले. बाहेर होमाची लाकडे रचून तयार होती. दाजीसाहेबांनी कुलूप काढले, कंदील खाली धरला आणि मागे वळून हसले. दोन्ही कपाटांच्या मध्ये धोतरावर पिठाचा हातभर पट्टा पडला होता.

"चिमूटभर म्हणालो होतो, धाकू. तू पसाभर दिलंस."

धाकू पुढे झाला. त्याने चिमूट उचलून नाकाशी नेली आणि मान हलवली. "दाजीसाहेब, याला सागाचा वास नाही. हे आंब्याचं लाकूड आहे, तेही ओलं कापलेलं."

"आता पिठाची जात सांगतोय," दाजीसाहेब गर्दीला म्हणाले. लोक हसले. "उचला रे ते कपाट. होमात घाला."

चार गडी पुढे आले. कपाट रिकामे होते आणि चौघांना सहज पेलणारे होते. त्यांनी हात घातला, कंबर लावली. कपाट हलले नाही. आणखी चौघे आले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. कपाट तसूभर हलले नाही. आमच्याकडे देवीच्या मनात नसले की पालखी जड होते, हे पोरासोरांना ठाऊक आहे. पण कपाट जड झालेले कुणी पाहिले नव्हते. हसणे थांबले. गड्यांनी हात काढून घेतले आणि मागे सरून कपाटाला नमस्कार केला.

महाराज म्हणाले, "दाजीसाहेब, धोतर तुमच्या घरचं आहे. तुम्हीच ओढून बाहेर काढा. त्याच्यावर काय लिहिलंय ते गावाला दाखवा."

धोतर ओढायचे तर खाली बसणे भाग होते. दाजीसाहेब बसले. जुन्या कपाटाच्या बाजूने ओढले तर ते जागचे हलेना. म्हणून ते नव्या कपाटापुढे आले, दोन्ही गुडघे टेकले, हात आत घातला आणि मान खाली घातली. तेव्हा त्यांना कपाटांच्या खालचे दिसले. जुन्या कपाटाखालचे धोतर परटाकडून आत्ताच आल्यासारखे स्वच्छ होते. नव्या कपाटाखाली मात्र मागच्या फळीच्या रेषेत पिठाची रांगच्या रांग होती.

ते तसेच वाकलेले असताना वरून आणखी पीठ सांडले. आरशाच्या चौकटीमागून भुरभुरत आले ते थेट त्यांच्या लाल पगडीवर पडले, आणि पगडीवरून मानेवर. सगळे गाव बघत होते. कुणी हसले नाही.

दाजीसाहेब गुडघ्यांवरून उठले. मग त्यांनी पगडी काढली, पीठ झाडले नाही, आणि ती धाकूच्या पायाशी ठेवली.

"धाकू, महिनाभर हे माझ्या घरात उभं होतं. खाली गालिचा होता म्हणून मला दिसलं नाही. मी चकाकी बघत होतो. तुझं कपाट मी जाळायला निघालो होतो. तुझी खुंटी काढून घेणार होतो."

धाकू घाबरून मागे सरला. "दाजीसाहेब, पगडी उचला. माझ्यानं बघवत नाही."

"हे नवं होमात घाला रे," दाजीसाहेब गड्यांना म्हणाले.

"नको," धाकू म्हणाला. गावकीसमोर त्याने खोतांना नाही म्हटले ते पहिल्यांदाच. "ते पण लाकूडच आहे. मागची फळी बदलली आणि तेल दिलं की वाचेल. कुणी तरी घाईनं बांधलंय, त्यात त्याचा काय दोष?"

महाराज मोठ्याने हसले. गावाने त्यांना असे हसताना प्रथमच ऐकले. "ऐकलंत, दाजीसाहेब? ज्याच्याकडे औषध असतं त्याला जाळायची घाई नसते."

त्या दुपारी देवीची रूपे जुन्या कपाटापुढे पालखीत बसली. धाकू मेस्त्रीने पहिली खुंटी ठोकली आणि सगळ्यात आधी खांदा दिला तो दाजीसाहेबांनी, उघड्या डोक्याने. होम पेटला. दाजीसाहेब अंगणाच्या कोपऱ्यात गेले, खरवडलेल्या रंगाच्या दोन्ही टोपल्या आणल्या आणि आपल्या हातांनी होमात रित्या केल्या. चार पिढ्यांचा रंग लाल, हिरव्या ज्वाळा काढत जळला. ते बघत उभे राहिले आणि मग महाराजांकडे वळले.

"महाराज, आमचा मान गेला. माझ्या हातानंच गेला. आता माझ्या मुलांनी देवीसाठी काय करायचं?"

महाराज म्हणाले, "उंडीची झाडं तुमचीच आहेत ना? मग दरसाल शिमग्याआधी लोटीभर तेल आणा. धाकूकडून पीस धरायला शिका. एका भोकाला एक थेंब, एका थेंबाला एक नाव. हा तुमचा मान."

पुढच्या शिमग्याची वाट न बघता पाडव्याच्या आधीच दाजीसाहेब तेल घेऊन आले. मेणाने बुजवलेल्या जागा धाकू दाखवायचा आणि दाजीसाहेब त्यावर तेलाचे बोट फिरवून नाव घ्यायचे. वरचे झाले, मधले झाले. शेवटी मागच्या पायाच्या तळाचे भोक उरले. दाजीसाहेबांनी उभ्याने हात लांब केला, पोचला नाही. गुडघ्यावर बसून केला, पोचला नाही.

"तिथं कसं पोचायचं रे, धाकू?"

"मी दाखवतो," धाकू म्हणाला, आणि जमिनीवर पालथा झाला.

दाजीसाहेबांनी पगडी काढून बाजूला ठेवली, धाकूशेजारी पालथे पडले, कपाळ देवळाच्या जमिनीला टेकले आणि नाव घेतले. समोर महाराजांचे पाय होते. त्यांनी ते धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आजही खोतांच्या घरचा कर्ता पुरुष शिमग्याआधी तिथे तसाच पालथा पडतो. धोतर मी अंथरतो, दुसऱ्या सकाळी मीच उचलतो, आणि अजून एकदाही ते मला झटकावे लागलेले नाही.